लॅपटॉप न उघडता ओळखायचा: कडा, भोकं, खुणा आणि कळा

फोनवरून कुणाला लॅपटॉपची मदत करायची वेळ आली की पहिली दहा मिनिटं एकाच गोष्टीत जातात. "उजवीकडे एक चपटं भोक आहे, त्यात घालू का?" "शेजारी दोन आहेत, त्यातलं एक आतून निळं आहे." "दिवा लागलाय, पण पांढरा आहे." बिघाड बहुतेक वेळा साधाच असतो. अडतं ते नावांपाशी. समोरच्याला भाग दिसत असतो आणि आपल्याला उपाय माहीत असतो, पण दोघांना जोडणारा शब्द कुणाकडेच नसतो. आपल्या रोजच्या वापरातल्या यंत्राची इतकी तरी ओळख प्रत्येकाला असावी, असं मला मनापासून वाटतं.

या लेखात लॅपटॉपचा एकही स्क्रू काढायचा नाही. फक्त त्याच्याभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक भाग ओळखायचा आणि कागदावर टिपून ठेवायचा. फेरी सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. भोकाच्या आकारावरून त्यात कोणती पिन बसेल एवढंच कळतं. पिन बसल्यावर तिथे काम काय होईल, हे शेजारी कोरलेली बारीक खूण सांगते. दोन भोकं दिसायला तंतोतंत सारखी असतात, तरी एकातून लॅपटॉप चार्ज होतो आणि दुसऱ्यातून होत नाही. म्हणून या फेरीत डोळे भोकांपेक्षा खुणांवर जास्त ठेवायचे.

तयारी

लॅपटॉप नीट बंद करा. नुसतं झाकण मिटलं तर तो झोपलेला असतो, बंद झालेला नसतो, त्यामुळे मेनूतून 'शट डाउन' करा. चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह, जे जोडलेलं असेल ते सगळं काढा. टेबलावर जाडसर टॉवेल अंथरा. जवळ मोबाइल ठेवा. त्याचा टॉर्च लागेल आणि बारीक अक्षरं वाचायला कॅमेराही लागेल. गडद रंगावर गडद रंगातच कोरलेल्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. टॉर्च समोरून न मारता कडेने तिरका धरला की त्या एकदम उठून दिसतात.

कागदावर एक मोठा आयत काढा आणि त्याच्या चार बाजूंना डावी, उजवी, मागची, पुढची असं लिहा. झाकण उघडं, पडदा तुमच्याकडे तोंड करून, कीबोर्ड तुमच्या बाजूला, अशा स्थितीत जी तुमची डावी बाजू तीच लॅपटॉपची डावी. लॅपटॉप उलटा केला की इथेच गोंधळ होतो, म्हणून उलटण्याआधी डाव्या कडेला कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. फोनवर मदत मागताना "डावीकडचं मागून दुसरं" असं सांगता आलं तर निम्मं काम तिथेच होतं.

पहिली पायरी: पाठ

मिटलेला लॅपटॉप टॉवेलवर पालथा ठेवा. सुरुवात पाठीपासूनच करावी, कारण यंत्राची खरी ओळख तिथे लिहिलेली असते. झाकणावर किंवा पडद्याखाली चमकदार अक्षरांत जे नाव असतं ते बहुधा मालिकेचं असतं, आणि एकाच मालिकेत आतून वेगळी असलेली कितीतरी मॉडेलं येतात. नेमका मॉडेल क्रमांक आणि त्या एकाच नगाचा अनुक्रमांक पाठीवर चिकटवलेला किंवा कोरलेला असतो. बॅटरी, चार्जर किंवा सुटा भाग मागवताना हा मॉडेल क्रमांकच सांगायचा. त्याचा फोटो आत्ताच काढून ठेवा. अनुक्रमांक मात्र कुठेही जाहीर टाकू नका, कारण वॉरंटीची नोंद त्याच्यावरच असते.

त्याच लेबलवर विजेचे आकडे असतात. उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर. मधे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ अशी खूण दिसेल. तिचा अर्थ डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. दोन आकड्यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात: १९.५ गुणिले ३.३३ म्हणजे जवळजवळ ६५ वॅट. आता तुमच्या चार्जरच्या ठोकळ्यावरची 'आउटपुट' असं लिहिलेली ओळ वाचा. गोल पिनेच्या चार्जरचे व्होल्ट लेबलशी जुळलेच पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. शिवाय पिनेच्या आतला ध्रुव धन की ऋण, हे दाखवणारी गोलांची छोटी आकृतीही दोन्हीकडे सारखी हवी. पिन बसली म्हणजे चार्जर योग्य, असं कधीही समजू नका. वेगळ्या व्होल्टचे चार्जरही त्याच जाडीच्या पिनेत मिळतात आणि यंत्र खराब व्हायला तेवढं पुरतं.

पाठीवर जाळ्याही दिसतील. सगळ्या जाळ्या हवेसाठी नसतात. टॉर्च मारल्यावर आत पंख्याची पाती दिसली तर ती हवा आत घेणारी जाळी. पुढच्या कडेजवळच्या अरुंद पट्ट्यांमागे लगेच कापडासारखा पडदा दिसला तर ते स्पीकर. पंखा असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये गार हवा पाठीतून आत जाते आणि गरम हवा मागच्या किंवा बाजूच्या झरोक्यातून बाहेर पडते. त्या झरोक्यात धातूच्या पातळ पट्ट्यांची रांग दिसते. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवला की पाठीची जाळी बुजते, पंखा जोरात फिरू लागतो, यंत्र तापतं आणि तापमान आवरायला स्वतःचा वेग कमी करतं. अशा वेळी लोक आधी व्हायरस शोधतात, पाठ मात्र कुणी पाहत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो, तेव्हा जाळी दिसली नाही तर घाबरू नका.

रबरी पाय लॅपटॉप घसरू देत नाहीत, पण त्यांचं मोठं काम म्हणजे पाठीखाली हवेला फट ठेवणं. एखादा पाय निघून हरवला असेल तर त्याच जाडीचा लावून घ्या. जुन्या लॅपटॉपच्या पाठीवर दोन सरकते खटके असतात, ते बॅटरी काढण्यासाठी. कुलपाची खूण असलेला खटका सरकवला की तिथेच थांबतो. दुसरा स्प्रिंगचा असतो, तो धरून ठेवावा लागतो. नव्या लॅपटॉपमध्ये बॅटरी आतच बंद असते, त्यामुळे खटके दिसत नाहीत.

टाचणीएवढं भोक दिसलं तर त्यात काही घालायची घाई करू नका. काही मॉडेलांमध्ये ते रिसेटचं असतं, काहींत ट्रे बाहेर काढण्याचं, तर काहींत तो माइक असतो आणि टोचला तर निकामी होतो. खूण वाचल्याशिवाय टाचणी उचलू नये.

दुसरी पायरी: दोन्ही कडा

आता लॅपटॉप सुलटा करा. कडांवर जी भोकं आहेत त्यांना पोर्ट म्हणतात. लोक सर्वांत जास्त अडतात ते इथेच, तेव्हा इथे वेळ घ्या.

आधी चार्जरचं पोर्ट शोधा. गोल असेल, मधोमध बारीक सुई असेल आणि शेजारी डीसीची तीच रेघांची खूण किंवा प्लगचं चित्र असेल तर ते चार्जिंगचं जुन्या पद्धतीचं पोर्ट. जवळच एक छोटा दिवाही असू शकतो. असं गोल पोर्ट सापडलंच नाही तर तुमचा लॅपटॉप बहुधा टाइप-सीमधून चार्ज होतो. त्याकडे पुढे येऊ.

चपट्या आयताकृती, आत प्लास्टिकची जीभ असलेल्या पोर्टला यूएसबी टाइप-ए म्हणतात. पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर यांची नेहमीची पिन इथे बसते. शेजारची खूण त्रिशूळासारखी असते, तिच्या तीन टोकांवर बाण, गोल आणि चौकोन. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही जीभ भोकाच्या वरच्या बाजूला असते, म्हणून पिनेवरची त्रिशूळाची खूण वर ठेवून घातलं की सहसा पहिल्याच वेळी बसते. त्रिशूळाच्या आधी इंग्रजी एस अक्षर दोनदा असेल तर पोर्ट वेगवान, म्हणजे यूएसबी ३. त्याचा मूळ वेग सेकंदाला ५ गिगाबिट, तर यूएसबी २ चा ४८० मेगाबिट, जवळजवळ दहावा हिस्सा. ३ ची जीभ निळी ठेवायचा प्रघात आहे, पण तो सगळेच पाळत नाहीत. खात्री हवी असेल तर टॉर्च मारून जिभेवरच्या धातूच्या पट्ट्या मोजा. चारच असतील तर यूएसबी २. त्यांच्या पुढे, भोकाच्या तोंडाकडच्या बाजूला आणखी पाच दिसल्या तर ३. माउस हळू पोर्टला जोडा आणि वेगवान पोर्ट बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी मोकळं ठेवा. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात आणि कॉपी करताना तास घालवतात.

टाइप-ए शेजारी बॅटरीचं किंवा विजेचं छोटं चित्र असेल तर लॅपटॉप झोपलेला असतानाही त्या पोर्टमधून मोबाइल चार्ज करता येतो. त्यातून लॅपटॉप मात्र चार्ज होत नाही.

टाइप-सी म्हणजे लहान, लांबट, दोन्ही टोकांना गोलाई असलेलं पोर्ट. २०१४ मध्ये ते आलं. आत वर बारा आणि खाली बारा असे २४ संपर्कबिंदू असतात, त्यामुळे पिन कशीही घातली तरी बसते. सगळ्यात फसवं पोर्ट हेच. खूण नुसती त्रिशूळाची असेल तर ते फाइली आणि उपकरणांसाठी. प्लगचं किंवा बॅटरीचं चित्र असेल तर त्यातून सहसा लॅपटॉप चार्ज होतो. इंग्रजी डी अक्षराच्या पोटात पी असं चित्र असेल तर त्याला मॉनिटर जोडता येतो. टोकाला बाण असलेली वीज कोरलेली असेल तर ते थंडरबोल्ट, म्हणजे फाइली आणि चित्र दोन्ही नेणारं फार वेगवान पोर्ट. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते टाइप-सीच्याच आकारात येतं आणि तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीचा वेग सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत जातो. काहीच खूण नसेल तर अंदाज बांधू नका, पाठीवरच्या मॉडेल क्रमांकाने कंपनीची माहितीपुस्तिका उघडून पाहा. मॉनिटर का दिसत नाही म्हणून दोन केबली बदलून झाल्यावर ते पोर्ट चित्र पाठवणारं नव्हतंच, हे कळलेले लोक मी पाहिले आहेत.

टाइप-सीतून चार्ज करताना चार्जरचे वॅट पाहा. या पद्धतीत चार्जर आणि लॅपटॉप आपसांत ठरवून व्होल्ट जुळवतात, त्यामुळे गोल पिनेसारखा धोका राहत नाही. पण मोबाइलच्या लहान चार्जरवर लॅपटॉप फार हळू चार्ज होतो, किंवा होतच नाही. केबलीलाही मर्यादा असते. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच वीज नेते, त्यावर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते.

चित्रासाठीची इतर पोर्ट ओळखणं सोपं आहे. एचडीएमआय टाइप-एपेक्षा किंचित रुंद असतं आणि त्याचे खालचे दोन्ही कोपरे तिरके असतात. त्यातून आवाजही जातो. डिस्प्लेपोर्ट त्याच्यासारखंच दिसतं, पण कोपरा एकच कापलेला असतो. त्याच्या काही केबलींच्या पिनेवर बटण असतं, ते दाबल्याशिवाय ओढू नका. निळं, रुंद, तीन ओळींत १५ भोकं आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची जागा असेल तर ते व्हीजीए. ते १९८७ पासून आहे आणि जुन्या प्रोजेक्टरांवर अजून भेटतं. त्यातून फक्त चित्र जातं, आवाज वेगळ्या वायरने न्यावा लागतो.

नेटवर्कच्या वायरीचं पोर्ट चौकोनी, उंच, आत आठ सोनेरी तारा असलेलं. पातळ लॅपटॉपमध्ये त्याचा खालचा जबडा मिटलेला असतो, तो बोटाने खाली ओढावा लागतो. इथे एक सावधगिरी हवी. टाइप-एची पिन रुंदीने या पोर्टात जवळजवळ चपखल बसते. न पाहता नुसतं चाचपून पिन घातली की ती इथे जाते आणि आतल्या तारा वाकतात. लॅपटॉपच्या मागे हात घालून पिन घालायची सवय असेल तर ती मोडा.

लहान गोल भोक, ३.५ मिलिमीटरचं, आवाजासाठी. खूण हेडफोनची असेल तर फक्त ऐकण्यासाठी, आणि हेडफोनला माइकचा दांडा दाखवला असेल तर ऐकणं-बोलणं दोन्ही. तुमच्या वायरीच्या पिनेवरचे काळे पट्टे मोजा: दोन असतील तर नुसते हेडफोन, तीन असतील तर माइकसह. दोन वेगळी भोकं असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये तीन पट्ट्यांची पिन घातली की आवाज येतो, माइक चालत नाही. तिथे पिनेचे दोन भाग करणारा जोड लागतो.

कार्डाची फट सपाट आणि रुंद असते. मोठं एसडी कार्ड २४ मिलिमीटर रुंद, मोबाइलमधलं मायक्रो एसडी ११. मोठ्या फटीत छोटं कार्ड तसंच सरकवलं तर ते आत हरवतं, ते आधी मोठ्या कार्डाच्या आकाराच्या जोडात घालावं. नव्या लॅपटॉपच्या फटीत कधी प्लास्टिकचं नकली कार्ड असतं, ते नुसतं धूळ अडवायला. दाबून सोडलं की बाहेर येतं.

एक भोक मात्र विजेचं नसतंच. साधारण ७ बाय ३ मिलिमीटरची लांबट खाच, शेजारी कुलपाचं चित्र. तिथे लॅपटॉप टेबलाला बांधून ठेवायची पोलादी दोरी अडकवतात. आत एकही तार नसते, त्यामुळे तिच्यात चार्जर घालून पाहण्यात अर्थ नाही.

जुन्या यंत्रात डीव्हीडीचा लांब ट्रे असेल तर त्याच्या तोंडावर एक बटण आणि एक बारीक भोक असतं. ट्रे अडकला तर लॅपटॉप बंद करून सरळ केलेली कागदाची पिन त्या भोकात हलके दाबावी. टाचणी चालते अशी ही एक जागा.

तिसरी पायरी: झाकण आणि पडदा

झाकण मधोमध धरून उघडा. एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा ताण एकाच बिजागरीवर येतो आणि काही महिन्यांत कडेचं प्लास्टिक फाटू लागतं. पडद्याच्या वरच्या चौकटीत मधला काळा ठिपका कॅमेरा. शेजारचा दिवा लागला की कॅमेरा चालू आहे. दुसरा ठिपका असेल तर तो चेहरा ओळखणारा इन्फ्रारेड कॅमेरा किंवा खोलीतला उजेड मोजणारा संवेदक असू शकतो. डावी-उजवीकडची सुईएवढी भोकं माइकची. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावताना ती झाकू नका. चौकटीवर बारीक सरकती पट्टी असेल तर ती कॅमेऱ्याची झडप. कॅमेरा काळा दाखवतो अशी तक्रार आली की मी आधी ही झडप पाहायला सांगतो. बाहेरून जाड झाकणी चिकटवू नका, लॅपटॉप मिटताना तिचा दाब थेट काचेवर येतो.

झाकणात कुठेतरी एक चुंबक लपलेलं असतं आणि खालच्या भागात त्याला ओळखणारा संवेदक. झाकण मिटलं हे लॅपटॉपला त्यावरून कळतं. म्हणून कीबोर्डशेजारी चुंबकाचं कव्हर किंवा दुसरा लॅपटॉप ठेवला तर पडदा अचानक काळा होऊ शकतो. यंत्र ठीक असतं, त्याला फक्त झाकण मिटल्यासारखं वाटलेलं असतं.

चौथी पायरी: कीबोर्डचा भाग

चालू करायच्या बटणावर वर्तुळ आणि त्यात वरून उतरलेली उभी रेघ असते. हल्ली ते कीबोर्डच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात इतर कळांसारखंच बसवलेलं असतं आणि कधी त्यातच बोटाचा ठसा ओळखायची सोय असते. यंत्र पूर्ण गोठलं तर हे बटण दहा सेकंद दाबून धरल्यावर बहुतेक लॅपटॉप बंद होतात. न जतन केलेलं काम जातं, तेव्हा हा शेवटचा उपाय.

खालच्या डाव्या कोपऱ्याजवळची एफएन कळ ओळखा. वरच्या ओळीतल्या एफ १ ते एफ १२ कळांवर दोन-दोन कामं असतात, आणि त्यातलं कुठलं घडायचं ते ही कळ ठरवते. सूर्य म्हणजे उजेड, कर्णा म्हणजे आवाज, दोन पडदे म्हणजे चित्र बाहेरच्या मॉनिटरवर पाठवणं. चार कळा मात्र नीट पाहून ठेवा: रेघ मारलेला माइक, रेघ मारलेला कॅमेरा, विमान आणि रेघ मारलेलं टचपॅड. चुकून बोट लागलं की आवाज पोहोचत नाही, चित्र जात नाही, वाय-फाय तुटतं किंवा बाण हलत नाही, आणि लॅपटॉप बिघडला असं वाटतं. दुकानात नेण्याआधी या चार कळा एकदा दाबून पाहा. एफएन सतत दाबल्यासारखं वागत असेल तर एस्केप कळेवर कुलपाचं चित्र शोधा. बऱ्याच यंत्रांत एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ते सुटतं.

अक्षरांऐवजी आकडे उमटत असतील, यूच्या जागी ४ आणि जेच्या जागी १, तर लहान कीबोर्डातलं छुपं आकडेपॅड चालू झालेलं असतं. नम लॉक ही कळ दाबून ते बंद करा. एफ आणि जे या कळांवरचे छोटे उंचवटे तर्जन्या न पाहता जागेवर याव्यात म्हणून दिलेले असतात.

खालचा गुळगुळीत चौकोन टचपॅड. वेगळी बटणं दिसत नसतील तर खालचा डावा आणि उजवा कोपरा हीच बटणं. पुष्कळ टचपॅड वरच्या कडेला आतून जोडलेले असतात, त्यामुळे वर दाबलं तर घट्ट लागतात. तो बिघाड नव्हे. जी, एच आणि बी यांच्या मधे रबराची छोटी टोपी असेल तर तीही बाण हलवण्यासाठीच, आणि टचपॅडच्या वरच्या कडेची बटणं तिच्या सोबतीची.

पाचवी पायरी: चालू करून पडताळणी

आता लॅपटॉप चालू करा. कोणते दिवे लागतात ते टिपा. चार्जर जोडून आणि काढून कोणत्या दिव्याचा रंग बदलतो ते पाहा. रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून तुमच्या दिव्याचा अर्थ लावू नका. झरोक्यांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा: जिथे ती ओढली जाते तिथून हवा आत जाते, जिथे ढकलली जाते तिथून गरम हवा बाहेर येते. मग एकच चालू पेन ड्राइव्ह प्रत्येक टाइप-ए पोर्टात घालून पाहा आणि मृत असेल त्यावर कागदावर फुली मारा. टाइप-सी दोन असतील तर चार्जर आळीपाळीने दोन्हींत लावा आणि ज्यात बॅटरीचं चिन्ह बदलतं त्यापुढे 'चार्ज' असं लिहा.

नकाशा पूर्ण झाला की त्याचा आणि पाठीवरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपमध्ये नको. त्यांची गरज लागते तेव्हा बहुतेक वेळा लॅपटॉपच चालू होत नसतो.